बोलका संगणक, मुकी पुस्तके

दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या हाती संगणक आला, की त्याचे वाचन सुरू होते ते कानांनी. पडद्यावरील मजकूर उच्चारून दाखवणाऱ्या आज्ञावलीला 'स्क्रीन रीडर' म्हणतात. ती वापरताना माउस लागत नाही, सारे काम कळफलकावर चालते. या क्षेत्रात दीर्घकाळ 'जॉज' या महागड्या आज्ञावलीचे वर्चस्व होते. २००६ मध्ये मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने 'एनव्हीडीए' ही विनामूल्य आज्ञावली लिहावयास घेतली आणि पैशाची अडचण बरीचशी दूर झाली. ही आज्ञावली मराठीही वाचते.

मग मराठी माध्यमाच्या वर्गात गाडे अडते कोठे? ते अडते पुस्तकाच्या फाइलमध्ये. जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या स्मृतीत त्या जागी एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते. डोळस वाचकाला याचा पत्ताही लागत नाही. स्क्रीन रीडर मात्र जे साठवले तेच वाचतो आणि धड्याऐवजी निरर्थक अक्षरांची मालिका ऐकू येते. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ मध्येच झाला, तरी जुन्या फाँटमधील मजकूर आजही हातोहाती फिरतो. पाने स्कॅन करून केलेली पीडीएफ तर निव्वळ चित्र. तेथे आज्ञावली गप्पच बसते. चित्रातून अक्षरे ओळखणारी साधने आहेत, परंतु जोडाक्षरे आणि तक्ते यांत ती चुकतात व कोणा डोळसाला तपासणीस बसावे लागते.

कायद्याची आडकाठी म्हणावी, तर तीही उरलेली नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायदा अपंगांसाठी पुस्तकांचे सुगम रूपांतर करू देतो. अशा पुस्तकांविषयीचा माराकेश करार २०१४ मध्ये सर्वप्रथम भारतानेच अनुसमर्थित केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत पुस्तके आणि सहाय्यक साधने मोफत मिळावयास हवीत.

संगणक आला म्हणून ब्रेल मोडीत काढण्याची घाई मात्र घातक आहे. 'दिन' आणि 'दीन' कानाला जवळजवळ सारखेच लागतात. केवळ ऐकून शिकणाऱ्या मुलाचे शुद्धलेखन कच्चे राहते. भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व-दीर्घाची चिन्हे निराळी असल्याने बोटांना हा भेद लगेच कळतो. संगणकाला जोडता येणाऱ्या ब्रेल पट्टीवर बारीक टोके वरखाली होऊन एकेक ओळ उमटते. तिची किंमत मात्र सामान्य शाळेला झेपणारी नाही.

फळ्यावरील मजकुराला तर यांपैकी कोणतेच साधन पुरत नाही. 'हे इथून तिकडे नेले' असे म्हणत शिक्षक समीकरण सोडवतात, तेव्हा 'हे' म्हणजे काय, ते दृष्टिहीन विद्यार्थ्याला शेजारच्या बाकावर विचारावे लागते.