न्यायासनासमोर समतेचा कैवारी : वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर

समाजात रूढ असलेला अन्याय बहुधा ‘परंपरा’ हे नाव धारण करूनच वावरत असतो. तो कोणी केव्हा सुरू केला, हे विचारण्याची प्राज्ञा सहसा कोणास होत नाही. न्यायालयाची रीत मात्र वेगळी आहे. तेथे दावा करणाऱ्यास पुरावा द्यावा लागतो. न्यायालयाच्या या साध्या नियमाचे सामर्थ्य ओळखून तो दलितांच्या मुक्तीसाठी वापरणारे विधिज्ञ म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ते सर्वपरिचित आहेत. परंतु घटनेच्या मसुद्यामागे खटल्यांच्या कामकाजात झिजलेली अनेक वर्षे उभी होती, याचे स्मरण क्वचितच केले जाते.

वकिलीचा प्रारंभ

लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन बाबासाहेब १९२३ साली मुंबईस परतले. सनद घेण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राच्या साहाय्याने ती अडचण दूर झाली. परंतु विद्वत्ता असली तरी काम देणारे सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे वळत नसत. त्यामुळे उच्च न्यायालयाच्या अपील शाखेतील व जिल्ह्याच्या ठिकाणची कामे करीत त्यांनी आपली वकिली उभी केली. परळच्या दामोदर हॉलमधील त्यांच्या कचेरीत गिरणी कामगारांपासून खेड्यातील महारांपर्यंत सर्वांची गाऱ्हाणी येत. मिळकतीला पूरक म्हणून ते व्यापारी कायदा शिकवीत. पुढे १९३५ साली ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

१९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील बदनामीच्या खटल्यात दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे प्रभृतींना शिक्षा झाली. पुण्याच्या सेशन्स न्यायालयातील अपिलात बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली व सर्व जण निर्दोष सुटले. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या बाजूने ते उभे राहिले. त्या खटल्यात अपयश आले. अशील लोकप्रिय आहे काय, निकाल अनुकूल लागेल काय, याचा हिशेब करून वकीलपत्र घेणाऱ्यांतले ते नव्हते.

चवदार तळ्याचा दावा

त्यांच्या वकिलीची खरी कसोटी लागली ती महाडच्या दाव्यात. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली संमत केला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. मात्र ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य तळ्यावर गेले व त्यांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पाणपोई घालणे हे पुण्यकर्म मानणाऱ्या समाजात तहानेलाही जात लावली गेली होती.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरण्याच्या तोंडावर काही सवर्ण रहिवाशांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा दाखल केला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. परिषदेस जमलेले हजारो लोक तुरुंगात जाण्यास सिद्ध होते. हुकूम मोडावा, तर सरकार विरोधात जाणार. पाळावा, तर अनुयायांचा उत्साह मावळणार, असा तो पेच होता. अखेर सत्याग्रह तहकूब करण्याचा कटू निर्णय त्यांनी घेतला व लोकांनी तो मानला.

पुराव्याची मागणी

तळे खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट पुरातन आहे, असे वादींचे म्हणणे होते. बचाव याच दोन विधानांवर केंद्रित झाला. तळे नगरपालिकेचे, म्हणजेच सार्वजनिक आहे. आणि वहिवाट अनादी असेल, तर ती सिद्ध करण्याचा भार वादींवर आहे. शतकानुशतके जी गोष्ट गृहीत धरली गेली, तिला प्रथमच साक्षीपुराव्याच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले.

फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. जून १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. ठाण्याच्या न्यायालयाने जानेवारी १९३३ मध्ये तोच निकाल कायम केला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी वादींचे अपील फेटाळून लावले. पुरातन वहिवाट सिद्ध झाली नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. महात्मा गांधींना १९२२ साली राजद्रोहाबद्दल शिक्षा सुनावणारे न्यायाधीश हेच ब्रूमफील्ड होत.

निकालाची मर्यादा व घटनेचे उत्तर

हा विजय मोठा खरा. पण त्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. वहिवाट सिद्ध झाली नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले. ती सिद्ध झाली असती तर काय, हा प्रश्न निर्णयाविना राहिला. माणसाचा पाण्यावरील हक्क अशा रीतीने प्रतिपक्षाच्या दुबळ्या पुराव्यावर अवलंबून होता. दुसऱ्या एखाद्या गावी, दुसऱ्या एखाद्या तळ्यावर पुरावा भक्कम निघाला असता, तर?

या प्रश्नाचे उत्तर २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेने दिले. अनुच्छेद १७ अन्वये अस्पृश्यता नष्ट झाली. अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून शासकीय निधीतून राखलेल्या किंवा जनतेसाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापरास कोणासही प्रतिबंध करता येणार नाही, असे स्पष्ट नमूद झाले. ‘तलाव’ हा शब्द वाचताना महाडचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. जो हक्क मिळविण्यास एका तळ्यापुरती सुमारे दहा वर्षे लागली, तो आता पुराव्यावर विसंबून राहिला नाही.

कायदा झाला म्हणून मन बदलतेच असे नाही, हेही तितकेच खरे. पाणवठ्यावरून होणारे अत्याचार त्यानंतरही घडत राहिले. तरीही अन्यायास ‘पुरावा दाखव’ असे निर्भयपणे विचारण्याची सवय समाजाला लावणे, हे बाबासाहेबांच्या वकिलीचे चिरंतन देणे आहे. तो प्रश्न विचारण्याचे दायित्व आता प्रत्येक पिढीचे आहे.