स्पष्ट, पण काय? : रुंद आणि लांब भिंगांची हकिकत



आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा कॅमेऱ्याच्या भिंगांवर बोलायला आम्ही कसे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. त्याचं उत्तर आमच्या एका फजितीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

देकार्त शिकवताना 'स्पष्ट' आणि 'सुव्यक्त' या दोन शब्दांशी मुलं हमखास अडखळत. 1644 च्या आपल्या ग्रंथात देकार्तने दोहोंत फरक केला आहे. लक्ष देणाऱ्या मनासमोर जे उघडपणे हजर असतं ते स्पष्ट. आणि स्पष्ट असून शिवाय जे बाकी सगळ्यापासून वेगळं काढता येतं ते सुव्यक्त. हे समजावायला आम्ही वर्गात दोन फोटो नेत असू. सिंहगडावर एकाच जागी उभं राहून तोरण्याच्या दिशेने काढलेले. एक 28 मिलिमीटरच्या वाइड-अँगल लेन्सने, दुसरा 200 मिलिमीटरच्या टेलिफोटोने. पहिल्यात तोरणा म्हणजे क्षितिजावरचा नखाएवढा उंचवटा, दुसऱ्यात माची वेगळी ओळखू यावी एवढा मोठा. "बघा, वाइड पुसट, टेली शार्प," असं सांगून आम्ही मोकळे होत असू. बरीच वर्षं हे खपलं.

मग एके वर्षी फिजिक्स सोडून आमच्याकडे आलेली एक विद्यार्थिनी उठली. म्हणाली, "सर, टेलीचा फोटो तर सगळा धुरकट आहे. वाइडमध्ये पायाजवळच्या गवताचं पातं न् पातं दिसतंय. तुम्ही तुलना फोटोची करताय की डोंगराची?"

आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न घरी आला, जेवायला बसला, आणि पुढे कित्येक वर्षं मुक्कामाला राहिला. आज जे सांगणार आहोत ते सगळं त्या प्रश्नाच्या मागे जाताना सापडलेलं आहे.

आधी साधा हिशोब करू. समजा 20 किलोमीटरवर एक मीटर रुंदीची वस्तू आहे, बुरुजाचा एखादा तुकडा म्हणा. 200 मिलिमीटरच्या भिंगातून फिल्मवर त्याची प्रतिमा पडेल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. 28 मिलिमीटरच्या भिंगातून ती त्याच्या सातव्या हिश्शाएवढी. चांगली फिल्म शंभरावा भाग कसाबसा धरू शकते, त्याचा सातवा हिस्सा नाही. म्हणजे वाइड भिंग जगातलं सर्वोत्तम असलं तरी तो तुकडा तिथे नोंदलाच जात नाही. यात भिंगाचा दोष कुठे आला? ही स्पष्टता वस्तूची. फोटोत, म्हणजे प्रतिमेच्या प्रत्येक मिलिमीटरमध्ये, किती बारीक रेषा वेगळ्या उमटतात ती स्पष्टता चित्राची. दोन्हींना आपण 'शार्पनेस' हा एकच शब्द वापरतो आणि मग भांडतो.

आता इतिहासाकडे वळू. गंमत अशी की पहिला मोठा वाद लांबीचा नव्हता, कोनाचा होता. 1839 मध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली तेव्हा भिंगातून प्रकाश इतका थोडा येई की माणसाला मिनिटामिनिटांनी पुतळ्यासारखं बसावं लागे. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाचे गणिताचे प्राध्यापक योझेफ पेत्स्वाल यांनी एक भिंग काढलं. भिंग आधी कागदावर आकडेमोड करून ठरवायचं, मग घासायचं, हा प्रकार नवा होता. आकडेमोडीसाठी त्यांना तोफखान्यातले हिशोबी जवान देण्यात आले होते. तोफगोळ्याची वाट काढणाऱ्यांनी प्रकाशकिरणाची वाट काढली! त्या भिंगातून आधीपेक्षा कित्येक पटींनी जास्त प्रकाश येई आणि मध्यभागी प्रतिमा कमालीची रेखीव असे. पण मध्यभागीच. प्रतिमेचा पृष्ठभाग वाटीसारखा वाकलेला, आणि काचेची प्लेट सपाट. चेहरा लख्ख, कडा विरघळलेल्या. व्यक्तिचित्रांना ते शोभून दिसलं. इमारती आणि डोंगर टिपणाऱ्याला मात्र त्याचा उपयोग नव्हता.

कडा का विरघळतात, याचं शास्त्र 1850 च्या दशकात म्युनिकच्या लुडविग झायडेलने मांडलं. त्याने भिंगाचे पाच दोष वेगळे केले. त्यांपैकी एकच असा, जो मध्यावर आणि कडेला सारखाच असतो. उरलेले चार कोनाबरोबर वाढतात, कुणी कोनाच्या पटीत, कुणी वर्गाच्या, कुणी घनाच्या. (परीक्षेत पाचही नावं लिहावी लागत असत, इथे नाही विचारणार.) वाइड-अँगलचं नशीब इथेच लिहिलं गेलं असं वाटेल. पण कारागीर असं मानून गप्प बसत नाहीत.

इंग्लंडच्या टॉमस सटनने 1859 मध्ये काचेचा पोकळ गोल केला आणि त्यात चक्क पाणी भरलं. 120 अंशांचा देखावा एका फोटोत! प्रतिमा वाकडी पडते ना, मग प्लेटही वाकडी करू, असा त्याचा सरळ न्याय. वाकड्या काचेवर रसायन लावणं, ती धुणं, तिचा ठसा काढणं, हे सगळं किती त्रासाचं असेल याची कल्पना करा. ते भिंग फार चाललं नाही यात नवल नाही. टिकला तो सममितीचा विचार. मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना सारखी भिंगं ठेवली की एका बाजूने केलेली चूक दुसरी बाजू बरीचशी फेडते. 1866 मध्ये लंडनच्या डॅलमायरने आणि म्युनिकच्या स्टाइनहाइलने स्वतंत्रपणे याच वाटेने सरळ रेषा सरळ ठेवणारी भिंगं काढली.

या वाटेचं टोक म्हणजे 1900 चं गर्ट्झ कंपनीचं हायपरगॉन. जवळजवळ अर्धगोल असे दोन पातळ काचेचे तुकडे, बस्स. 130 अंशांहून जास्त दिसे आणि सरळ रेषा सरळच राहत. अडचण प्रकाशाची. मध्यापासून 60 अंश बाजूला गेलात की साध्या भूमितीनेच प्रकाश सोळाव्या हिश्शावर येतो. मग काय केलं? भिंगासमोर चांदणीच्या आकाराचा एक लहान पंखा बसवला. रबरी फुग्याने फुंकर मारायची, पंखा फिरणार, मधला प्रकाश अडणार, कडांना वेळ मिळणार, मग पंखा खाली पाडून उरलेलं चित्र पुरं करायचं. आम्हाला हे उपकरण अतिशय आवडतं.

आणि कडांच्या स्पष्टतेला किंमत होती. पुढे विमानातून नकाशे होऊ लागले, 1930 च्या दशकात त्यासाठी झाइसचं टोपोगॉन आलं. तिथे फोटोचा कोपरा म्हणजे कुणाच्या तरी जमिनीची हद्द. कोपरा पुसट तर हद्द चुकीची.

टेलिफोटोची गोष्ट उलट आहे. तिथे कोन अरुंद, म्हणून झायडेलचे ते चार दोष आपोआपच लहान. पुढे बहिर्वक्र आणि मागे अंतर्वक्र भिंग ठेवलं तर प्रतिमा मोठी होते, हे केप्लरने 1611 मध्येच लिहून ठेवलं होतं. कॅमेऱ्यासाठी ते 1891 मध्ये तिघांनी जवळजवळ एकाच वेळी साधलं: लंडनला धाकटा डॅलमायर, जर्मनीत आडोल्फ स्टाइनहाइल आणि आडोल्फ मीते. पहिलं कोण, यावरून अर्थातच कुरबुर झाली. पण मागचं भिंग प्रतिमा तिप्पट करतं तेव्हा पुढच्याच्या चुकाही तिप्पट करतं, आणि प्रकाश नवव्या हिश्शावर आणतं. सुरुवातीच्या टेलींना मऊ म्हणून नावं ठेवली गेली, ती यामुळे.

खरा शत्रू मात्र रंग. लाल, हिरवा, निळा एकाच जागी आणून ठेवणं साध्या काचेला पूर्णपणे जमत नाही. उरलेली फट नाभीय अंतराच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढी असते. 28 च्या भिंगात ती नगण्य, 200 मध्ये मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे आपल्या त्या बुरुजाच्या प्रतिमेच्या दहापट. (ही फट खोलीतली, रुंदीतली नव्हे, पण बाधते.) आबेने सूक्ष्मदर्शकासाठी 1880 च्या दशकातच फ्लोराइट वापरून हे आटोक्यात आणलं होतं. छायाचित्रकाराच्या हातात मात्र कृत्रिम फ्लोराइटचं टेली भिंग 1969 मध्ये आलं, कॅननचं 300 मिलिमीटरचं. त्याआधीच्या कुणी 'टेली म्हणजे शार्प' म्हटलं असतं तर लोक हसले असते.

मग 'वाइड म्हणजे कडांना पुसट' ही आपल्या पिढीची ठाम समजूत आली कुठून? आमचं मत असं, की तो आरोप कोनावर झाला, गुन्हा आरशाचा होता. एसएलआर कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये हलणारा आरसा असतो. 28 किंवा 21 मिलिमीटरचं सममित भिंग फिल्मच्या इतकं जवळ बसायला हवं की आरसा त्याला आपटेल. 1950 मध्ये फ्रान्सच्या आंजेनियने तोडगा काढला. त्याने टेलिफोटो उलटा केला! अंतर्वक्र पुढे, बहिर्वक्र मागे. जागा झाली, पण सममिती गेली, आणि तिच्याबरोबर चुका फेडून घेण्याची सोयही. पुढची तीस-चाळीस वर्षं आपण वाइड म्हणून जी भिंगं वापरली ती बहुतेक अशी उलटी टेलीच होती. त्याच काळात बर्टेलेचं बिओगॉन बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर कोपऱ्यापर्यंत रेखीव चित्रं देत होतं. अपोलो 11 मध्ये चंद्रावर उतरून वापरलेल्या हॅसलब्लाडवरही 60 मिलिमीटरचं बिओगॉनच होतं.

आज भिंगाच्या माहितीपत्रकात आलेख असतात, एमटीएफचे. दूरचित्रवाणीवर काम करणाऱ्या ओटो शेडसारख्यांनी ही मापनाची रीत रुजवली. बारीक रेषा उमटली का एवढंच न पाहता, ती किती ठळक उमटली हेही ती मोजते. देकार्तचं 'स्पष्ट' आणि 'सुव्यक्त' इथे भेटले म्हणून आम्ही खूश झालो. पण मोजमाप होतं ते प्रतिमेच्या मिलिमीटरमागे. 28 आणि 200 चे आलेख शेजारी ठेवून जे कळतं ते चित्राबद्दल. डोंगराबद्दल विचारायचं तर नाभीय अंतराने गुणावं लागतं, आणि मग वाइड बिचारं कधीच जिंकत नाही.

त्या मुलीला हे सांगायचं राहून गेलं. आमचा टेलीचा फोटो धुरकट होता, तो भिंगामुळेही नव्हे. मार्चमधली दुपार होती, आणि मधली 20 किलोमीटर हवा टेलीने इमानाने टिपली होती. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात, सकाळी सातच्या आत, त्याच जागेवरून दोन्ही फोटो पुन्हा काढायचा विचार आहे. गुडघ्यांनी परवानगी दिली तर. आता आपले प्रश्न घेऊ.