एक इंजिन की दोन? छोटं टर्बोप्रॉप विमान कसं निवडतात?

दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षित, असं आपल्याला वाटतं. मग ऑस्ट्रेलियाची रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस दूरच्या वस्त्यांमधून रुग्ण आणायला एका इंजिनाचं पिलाटस पीसी-१२ का वापरते? आणि याच संस्थेकडे दोन इंजिनांची किंग एअर विमानंही का आहेत?

टर्बोप्रॉप म्हणजे काय?
आत जेटसारखं टर्बाइन असतं, पण त्याची ताकद प्रोपेलर फिरवते. वरच्या दोन्ही विमानांत पीटी६ याच मालिकेतली इंजिनं असतात. पिस्टन इंजिनाच्या तुलनेत ती क्वचितच बंद पडतात. म्हणूनच युरोपने २०१७ मध्ये एका इंजिनाच्या टर्बोप्रॉपला रात्री आणि ढगांतून प्रवासी नेण्याची सशर्त परवानगी दिली.

एक इंजिन
इंधन आणि देखभालीचा खर्च कमी. पण इंजिन बंद पडलं, तर विमान तरंगत खाली येतं आणि तेवढ्या वेळात उतरायला जागा शोधावी लागते.

दोन इंजिनं
समुद्रावर किंवा डोंगराळ भागात एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर विमानतळ गाठता येतो. खरा धोका टेकऑफच्या वेळी असतो. तेव्हा एक इंजिन गेलं, तर विमान त्या बाजूला ओढलं जातं आणि वर चढण्याची क्षमता निम्म्याहून जास्त घटते. पायलटने लगेच सावरलं नाही, तर विमान उलटू शकतं.

थोडक्यात
मार्गात खाली काय आहे, खर्च किती झेपेल आणि पायलटचा सराव किती, यावर निवड ठरते. सराव नसेल, तर दुसरं इंजिनही वाचवत नाही.