दिवाणखान्यांतील मांडो

जालना जिल्ह्यांत केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या संगमाजवळ असई नांवाचें एक लहानसें गांव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजीं शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा आर्थर वेलस्लीनें येथें पराभव केला, आणि पुढें या भागांत इंग्रजी शिस्तीच्या पलटणींचा दीर्घकाळ तळ पडला. जालन्याची छावणी ही त्याच इतिहासाची खूण होय. अशा छावण्यांबरोबर कवाइतीचें मैदान येई, मेजवानीचें दालन येई, आणि नाताळच्या सुमारास स्त्रीपुरुषांनीं जोडीनें करावयाचा ‘बॉल’ नांवाचा नाचही येई. परंतु हा नाच छावणीच्या कुंपणाबाहेर कधीं पडला नाहीं. भोंवतालच्या मराठी मुलखानें बँडचे सूर दुरून ऐकले असतील. त्या सुरांना मराठी शब्द मात्र मिळाले नाहींत. 1903 सालीं हैदराबाद कंटिंजंट हिंदी सैन्यांत विलीन झालें. कालांतरानें गोऱ्या पलटणींचे दिवस संपले, आणि त्यांचा नाचही त्यांच्याबरोबर गेला.

याच जातीचा नाच पश्चिम किनाऱ्यावर गोव्यांतही आला होता. तेथें मात्र तो पाहुणा राहिला नाहीं. त्यानें कोंकणी भाषा उचलली, मातीचें वाद्य जवळ केलें आणि ‘मांडो’ हें नवें नांव धारण केलें. एकाच घराण्याच्या दोन नृत्यांचें दैव इतकें भिन्न कां झालें, हें समजण्यास गोव्याच्या इतिहासांत थोडें मागें जावें लागतें.

गोव्यांत 1560 सालीं इन्क्विझिशन म्हणजे धर्मसमीक्षण-सभा स्थापन झाली. ती कायमची बंद झाली 1812 मध्यें. या अडीचशें वर्षांत नवख्रिस्ती समाजाच्या घरगुती चालीरीतींवर कडक नजर असे. 1684 सालच्या सरकारी हुकुमानें लोकांनीं कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावी, असें फर्माविलें. 1736 च्या फर्मानानें तर लग्नघरांतील ओव्या आणि पूर्वापार चालत आलेले कितीतरी विधि निषिद्ध ठरविले. ज्या समाजाला लग्नांतही आपल्या भाषेंत मोकळेपणीं गातां येत नव्हतें, त्याचें गाणें नाहींसें व्हावयाचें. परंतु तें नाहींसें झालें नाहीं. तें वाट पाहत राहिलें, आणि शेवटीं ज्या दारानें परतलें, तें दार राज्यकर्त्यांच्याच संगीताचें होतें.

तें दार उघडलें चर्चच्या शाळांनीं. गोव्याच्या गांवोगांवीं चर्चला जोडून शाळा असे आणि तेथील ‘मेस्त’, म्हणजे गुरु, मुलांना स्वरलिपि वाचावयास, व्हायोलिन वाजवावयास आणि एकत्र गावयास शिकवी. हें शिक्षण मूळचें उपासनेसाठीं होतें. नाताळांत आणि गांवच्या फेस्ताच्या दिवशीं या विद्यार्थ्यांचें गाणें व वादन सगळा गांव ऐके. गरीब घरच्या मुलालाही येथें विद्या मिळे. शिकलेला हात मात्र केवळ देवळापुरता राहत नाहीं. सणाची प्रार्थना आटोपली कीं तेंच व्हायोलिन यजमानाच्या दिवाणखान्यांत जाई.

सासष्टी महालांतील कुडतरी, लोटली, राय, बाणावली, मडगांव या गांवांत मोठमोठे वाडे होते. त्यांच्या प्रशस्त दिवाणखान्यांत झुंबरें लागत आणि युरोपांतून आलेले मिन्युएट, वॉल्ट्झ, मझुर्का हे नाच चालत. एकोणिसाव्या शतकांत याच दिवाणखान्यांत मांडो आकारास आला. पुरुष काळ्या युरोपीय पोषाखांत, स्त्रिया जरीकामाची मखमली बाजू घालून आणि हातांत पंखा घेऊन, अशा दोन रांगा समोरासमोर उभ्या राहत. संथ तीन मात्रांच्या लयींत त्या एकमेकींकडे सरकत, फिरत आणि पुन्हा दूर होत. वॉल्ट्झमध्यें पुरुष स्त्रीच्या कमरेस हात घालतो. मांडोंत जोडीदारांचा स्पर्शही होत नाहीं. नजर, पंखा आणि पाऊल यांनींच सर्व बोलणें होतें. बॉलच्या चौकटींत देशी मर्यादेनें स्वतःला असें बसवून घेतलें.

व्हायोलिनच्या साथीला घुमट असे. हें मातीचें मडक्यासारखें वाद्य, एका तोंडावर घोरपडीचें कातडें ताणलेलें. हेंच वाद्य गोव्यांतील हिंदु घरांतून गणेशोत्सवांतील आरतीलाही वाजतें. झुंबराखालीं, पियानो आणि व्हायोलिन यांच्या पंक्तींत घुमट येऊन बसला, ही गोष्ट लहान नव्हे. आणि शब्द तर सर्वस्वीं कोंकणी! ज्या घरांत पाहुण्यांशीं बोलतांना पोर्तुगीज वापरणें प्रतिष्ठेचें मानीत, त्याच घरांत प्रेमाची, विरहाची आणि निरोपाची वेळ आली कीं मातृभाषा ओठांवर येई. दरबारी भाषेंत व्याख्यान देतां येतें. हुरहूर सांगावयास आईची भाषा लागते.

मांडो हा सर्व समाजाचा नव्हता, हेंही सांगितलें पाहिजे. तो मुख्यतः उच्चवर्णीय ख्रिस्ती भाटकारांचा, म्हणजे जमीनदारांचा, विलास होता. त्यांचीं शेतें कसणारा कुळवाडी त्या रांगांत उभा राहत नसे. तरीही हें गाणें केवळ विलासाचें राहिलें नाहीं. 21 सप्टेंबर 1890 रोजीं मडगांवांत निवडणुकीच्या वेळीं सैनिकांनीं गोळीबार केला आणि अनेक माणसें मरण पावलीं. त्या दिवसाचें दुःख मांडोंतूनच गाइलें गेलें. मांडोच्या मागोमाग द्रुत लयीचें दुलपद येई आणि कधीं देखणीही येई. लग्नासाठीं नदी ओलांडून जाऊं पाहणाऱ्या कलावंतिणीची जी देखणी कार्लुस फेरेरा यांच्या नांवाशीं निगडित आहे, तिची चाल 1973 च्या ‘बॉबी’ चित्रपटामुळें हिंदुस्थानभर पोंचली. तोर्कवात फिगरेद (1876-1948) यांच्या निरोपाच्या मांडोनें तर मेजवानीची सांगता करण्याचा प्रघातच पडला.

दरम्यान मेस्तांचे विद्यार्थी पोटासाठीं मुंबईस निघाले. धोबी तलावाजवळच्या कुडांत, म्हणजे गांववार वसतिगृहांत, ते उतरत आणि हॉटेलांच्या व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम करीत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नांवानें मुंबईच्या जाझमध्यें गाजले आणि 1951 च्या ‘अलबेला’मध्यें सी. रामचंद्र यांचे सहायक झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927-2012) यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते; पुत्रानें प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना व्हायोलिन शिकविलें. मराठी घरांतून रेडिओवर जीं चित्रपटगीतें ऐकलीं गेलीं, त्यांच्या वाद्यमेळामागें गोव्याच्या चर्चशाळेची तालीम होती, याची जाणीव फारच थोड्यांना असे.

19 डिसेंबर 1961 रोजीं गोवा मुक्त झाला. 1964 च्या कूळकायद्यानें जमीन कसणाराला संरक्षण मिळालें आणि भाटकारांचें उत्पन्न आटलें. न्यायाच्या दृष्टीनें हें इष्टच झालें. परंतु त्याबरोबर झुंबरांचे दिवाणखानेही मिटूं लागले. ज्या घरांत मांडो आपोआप शिकला जाई, तीं घरेंच शांत झालीं. याच दशकांत पणजीस मांडो महोत्सव सुरू झाला आणि स्पर्धा होऊं लागल्या. त्यांत लहान मुलांचीं पथकेंही उतरतात. वन्यजीवांच्या रक्षणासाठीं घोरपडीऐवजीं बकऱ्याचें कातडें वापरलेला घुमट 2019 मध्यें गोव्याचें वारसावाद्य म्हणून घोषित झाला.

रंगमंचावर आजोबांचा काळा कोट आणि आजीची जरीची बाजू घालून मुलें उभीं राहतात, तेव्हां प्रेक्षकांना कौतुक वाटतें. परंतु मूळचा मांडो प्रेक्षकांसाठीं नव्हता. तेथें जो तो नाचणारा वा गाणाराच असे. आतां ही विद्या गुरुजनांनीं पदरीं घेऊन शिकवावी लागते, आणि भाटकाराचें आडनांव नसलेल्या मुलालाही ती शिकतां येते. जुन्या दिवाणखान्यानें हें कधीं होऊं दिलें नसतें. जालन्याच्या छावणींतील नाच पलटणींबरोबर गेला, कारण तेथें तो शिकणारें कोणी मागें उरलें नव्हतें. गोव्यांत वाडे मिटले. पण लग्नाची मेजवानी संपत आली कीं फिगरेद यांचा तो निरोप अजूनही कोणीतरी सुरू करतें, आणि उरलेले त्याला साथ देतात.