नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींचा इतिहास

सागरी प्रकाशमान जीवाणूंना मीठ आवश्यक असते; तेच जमिनीत साचल्यास पिके करपतात. बारामती व इंदापूर परिसराने हा अनुभव घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळनिवारणार्थ नीरा डावा कालवा आला आणि ऊस वाढला. मात्र निचरा कमी असलेल्या खोल काळ्या जमिनीत भूजलपातळी वर आली. बाष्पीभवनानंतर क्षार पृष्ठभागी उरले व सुपीक शिवारे क्षारपड, चोपण झाली. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान व व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील या जमिनींचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. सारांश, सिंचनात पाणी आणण्याइतकेच जादा पाण्याचा निचरा करणेही महत्त्वाचे असते, हे या इतिहासातून स्पष्ट होते.