पाटावरचा अजिंक्यतारा

दिवाळीत अंगणात किल्ला करायचा, कुंभाराकडून आणलेले मावळे त्यावर मांडायचे आणि दिवाळी सरली की ते टोपलीत भरून माळ्यावर टाकायचे, हा आमच्या साताऱ्यातील घरचा क्रम. एका वर्षी सांगलीहून आलेल्या भाच्याने विचारले, "मामा, हे मावळे नुसते उभेच राहणार का?" त्या प्रश्नातून आमचा घरगुती खेळ जन्मला.

पाटावर खडूने अजिंक्यतारा काढला. प्रसंग घेतला तो १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने घातलेल्या वेढ्याचा. एक फेरी म्हणजे एक आठवडा. शिध्याला ज्वारीचे दाणे, दारूगोळ्याला मिरे, पाण्याच्या टाक्यांना वाट्या आणि दैवाला कवड्या. बादशहा अर्थातच मी.

पहिला डाव साफ फसला. प्रत्येकाला हवालदारच व्हायचे होते. नावे निराळी दिली तरी काम सर्वांचे एकच, मिरे उडवायचे!

मग मी जुन्या ग्रंथांकडे वळलो. सभासदाच्या बखरीत गडाची व्यवस्था आहे. हवालदाराकडे दरवाजाच्या किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी व हिशेब, सरनोबताकडे शिबंदी, कारखानिसाकडे कोठार. एकाच माणसाच्या हाती सारा गड द्यायचा नाही, हे त्यामागचे धोरण. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र तर सांगते की तोफांच्या दणक्याने गडावरचे झरे आटतात, म्हणून राखीव टाकी हवीच. झाले! कारखानिसाने दिल्याशिवाय हवालदाराला मिरे नाहीत. तीनदा तोफ डागली की एक वाटी रिकामी.

जगात असे खेळ पुष्कळ झाले. १८२४ साली प्रशियाच्या सैन्याने रायस्विट्झचा युद्धखेळ उचलला. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. त्यात प्रत्येक पात्राचे बळ वेगळे आणि उणीवही वेगळी, म्हणून एकाचे दुसऱ्यावाचून अडते. आमच्या गडांची घडी याच तत्त्वावर बसली होती; फक्त तिथे पणाला माणसे लागत.

आमचे दाजी सांगलीचे, म्हणजे भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावचे बुद्धिबळपटू. पाट पाहून ते हसले. "आमच्या उंटाला कधी भूक लागत नाही बुवा!"

दुसऱ्या डावात भाचा हवालदार झाला. धाकटी भाची कारखानीस. पंधराव्या फेरीपासून ती दाणे मोजून देऊ लागली. सतराव्या फेरीनंतर सुरुंग उडाले. खऱ्या वेढ्यातही एप्रिल १७०० मध्ये तसेच झाले. पहिल्या सुरुंगाच्या ढिगाऱ्यात किल्लेदार प्रयागजी प्रभू गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसऱ्याची तटबंदी बाहेर कोसळून मोगलांचाच मोठा संहार झाला. भाचा आनंदाने ओरडला, "आता गड द्यायचा नाही!"

भाचीने मूठ उघडली. सात दाणे. "दादा, लढायचं तू ठरवतोस. जेवायला मी काय घालू?"

कोणी बोलेना. मीही बोललो नाही. हा गड मोगलांना दिला गेला, हे शाळेत वाचले तेव्हा मला सातारकर म्हणून लाज वाटली होती. पण साताऱ्यास राहून इतिहास लिहिणारा ग्रँट डफ नोंदवतो की गडावर मुळातच पुरेसा शिधा नव्हता. त्यातच मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. तरीही शिबंदी एप्रिलपर्यंत झुंजली. एकोणीस आठवड्यांचा तो हिशेब मुठीतल्या दाण्यांनी मला प्रथम समजावला. गड आझमतारा झाला खरा. पण १७०८ साली त्याच साताऱ्यात शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला.

भाच्याने किल्ली मुकाट्याने पाटावर ठेवली.

पुढच्या दिवाळीला पुन्हा भांडण झाले. या खेपेस सर्वांना कारखानीस व्हायचे होते.