करपलेल्या दुधाचा वास

मला पहिली फिट आली तेव्हा मी नववीत होते. त्याआधी वर्षभर आमच्या घरात एक विनोद चालायचा. मी अधूनमधून ओरडायचे, "आई, दूध करपतंय!" आई स्वयंपाकघरात धावायची, तर गॅस बंद आणि पातेलं घासून पालथं घातलेलं. "हिचं नाक जरा जास्तच तिखट आहे," असं आजी म्हणायची. वासाबरोबर आणखी एक गोष्ट यायची. ती मी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगायची कशी तेच कळत नव्हतं. समोर जे चाललंय ते सगळं अगदी असंच आधी एकदा होऊन गेलंय, असं पाच-दहा सेकंद ठामपणे वाटायचं. मग काहीच नाही.

त्या दिवशी भूगोलाच्या तासाला वास आला, आणि पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा कुणीतरी नाकाशी चप्पल धरली होती आणि दुसरं कुणीतरी कांदा आणायला पळालं होतं. (बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते. श्रेय चपलेला जातं. माणसाला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, एवढंच खरं तर करायचं असतं.) पुढे निदान झालं: टेम्पोरल लोबमधला अपस्मार. कानाच्या वरच्या बाजूला, कवटीच्या आत जो मेंदूचा भाग आहे, तिथल्या काही पेशी मनाला येईल तेव्हा एकदम पेटून उठतात. वास, आणि 'हे आधी झालंय' असं वाटणं, ही त्या आगीची पहिली ठिणगी.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण म्हणजे माझा मावसभाऊ. तो पुण्यात पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. गेल्या वर्षी त्याने मला एक बातमी पाठवली. मेंदूला सौम्य वीज दिली की स्मरणशक्ती वाढते, असा तिचा मथळा होता. खाली त्याचा मेसेज: "ताई, असलं काही मिळालं तर राज्यघटनेची कलमं एका रात्रीत पाठ." बातमीत सगळ्यात शेवटी, जिथे सहसा कुणी पोचत नाही, एक वाक्य होतं. प्रयोगात भाग घेतलेले सगळे जण अपस्माराचे रुग्ण होते.

म्हणजे माझ्यासारखे. मग मी मागे मागे जात राहिले.

माणसाच्या उघड्या मेंदूला वीज लावल्याची पहिली ठळक नोंद 1874 ची आहे, आणि ती वाचवत नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात मेरी रॅफर्टी नावाची एक गरीब बाई इस्पितळात होती. कर्करोगाच्या जखमेने तिची कवटी खाऊन टाकली होती आणि आतला मेंदू दिसत होता. चारच वर्षांपूर्वी जर्मनीत फ्रिट्श आणि हित्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूला वीज लावून त्याचे पाय हलवून दाखवले होते. रॉबर्ट्स बार्थोलो या डॉक्टरांनी मेरीच्या मेंदूत सुया घालून तेच केलं. हात-पाय हलले. त्यांनी वीज वाढवली. तिला जोराची आकडी आली, ती बेशुद्ध पडली, आणि काही दिवसांत वारली. त्यावर पुष्कळ टीका झाली. पण 'माणसाच्या मेंदूला वीज लावता येते' हे वैद्यकाने त्या बाईकडून शिकून घेतलं ते घेतलंच.

यानंतरचा माणूस म्हणजे वाइल्डर पेनफिल्ड. जन्म 26 जानेवारी 1891, अमेरिकेत. (2018 सालच्या 26 जानेवारीला गूगलने त्यांचं डूडल केलं होतं. आपण त्या दिवशी आपल्या संचलनात होतो.) ऑक्सफर्डला शेरिंग्टन यांच्याकडे ते मज्जासंस्था शिकले. मग 1928 मध्ये जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ इथे ओट्फ्रिड फोर्स्टर यांच्याकडे एक शस्त्रक्रिया पाहिली. कवटी उघडायची, पण रुग्णाला जागं ठेवायचं. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून फक्त कातडीला भूल पुरते. त्याच वर्षी डिसेंबरात पेनफिल्ड यांनी स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या मेंदूतली गाठ काढली. पूर्ण निघाली नाही, आणि काही वर्षांत ती गेली. 1934 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून त्यांनी मॉन्ट्रियलमध्ये एक संस्था उभी केली. तिथे मेंदूचे डॉक्टर, सर्जन आणि संशोधक एकाच छताखाली बसायचे. आपल्याकडे वेल्लोरला 1949 मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू करणारे डॉ. जेकब चांडी याच संस्थेत शिकून आले होते.

पेनफिल्ड यांची पद्धत मी आधी एखाद्या गोष्टीसारखी वाचली, मग पुन्हा माझ्या अंगाने वाचली. रुग्ण कुशीवर पडलेला, जागा, बोलता. सर्जन एका बारीक इलेक्ट्रोडने मेंदूच्या पृष्ठभागावर इथे-तिथे अगदी सौम्य वीज लावतो आणि विचारतो, काय झालं? अंगठा हलला, जीभ मुंग्यांनी भरली, काहीच नाही. उत्तर मिळालं की त्या ठिकाणी आकडा लिहिलेली कागदाची चिमुकली चिठ्ठी ठेवायची. शेवटी चिठ्ठ्यांनी भरलेल्या मेंदूचा फोटो. हे सगळं कुतूहलापोटी नव्हतं. फिट कुठून सुरू होते ते शोधायचं, आणि बोलण्याचा किंवा हात हलवण्याचा भाग चुकूनही कापायचा नाही, यासाठी होतं. रुग्णाला फिटच्या आधी येणारा वास जर इलेक्ट्रोड लावल्यावर आला, तर जागा सापडली. कॅनडात त्यांच्यावरची एक मिनिटाची फिल्म टीव्हीवर दाखवायचे. त्यातल्या बाईला करपलेल्या टोस्टचा वास येतो. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून दिला. तिचा टोस्ट, माझं दूध.

आणि मग टेम्पोरल लोबवर इलेक्ट्रोड ठेवला की काही रुग्ण भलतंच काही सांगू लागले. एका बाईला वाद्यवृंद ऐकू आला. इलेक्ट्रोड उचलला की थांबायचा, पुन्हा ठेवला की तेच गाणं. तिला वाटलं, खोलीत कुणीतरी ग्रामोफोन लावलाय. एका तरुणाला तो दक्षिण आफ्रिकेतल्या शेतावर भावंडांबरोबर हसत असल्याचं जाणवलं, आणि त्याच वेळी आपण मॉन्ट्रियलमध्ये टेबलावर पडलोय हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. एका आईला अंगणात खेळणाऱ्या तिच्या मुलाचा आवाज आला, मागे शेजारपाजारचे आवाज.

पेनफिल्ड यांनी यातून मोठा निष्कर्ष काढला. माणूस लक्ष देऊन जे जे अनुभवतो, ते सगळं मेंदूत फितीवर रेकॉर्ड होत असतं, काही पुसलं जात नाही, आणि इलेक्ट्रोडने फीत पुन्हा चालू होते. टेपरेकॉर्डर घराघरांत येण्याचा तो काळ, त्यामुळे उपमाही तयार होती. ही कल्पना इतकी पसरली की आजही तुम्हाला रीलवर कुणीतरी सांगताना दिसेल, 'मेंदू काहीच विसरत नाही, फक्त शोधता आलं पाहिजे.'

आकडे मात्र वेगळं सांगतात. 1963 मध्ये पेनफिल्ड आणि फानोर पेरो यांनी सगळा हिशेब छापला. शस्त्रक्रिया झालेले 1132 रुग्ण. त्यातल्या 520 जणांच्या टेम्पोरल लोबला वीज लावलेली. असे 'अनुभव' आलेले फक्त 40. शंभरात आठसुद्धा नाहीत. 1980 मध्ये एलिझाबेथ आणि जेफ्री लॉफ्टस या दोघा मानसशास्त्रज्ञांनी ही वर्णनं पुन्हा तपासली. पुष्कळशी स्वप्नासारखी होती, तुकड्यातुकड्यांनी जोडलेली. खरंच घडलेला प्रसंग जसाच्या तसा परत आला, असं थोड्याच वर्णनांबद्दल म्हणता येत होतं. मला हे पटतं, आणि पटण्याचं कारण पुस्तकी नाही. 'हे आधी झालंय' असं मला शेकडो वेळा वाटलंय, आणि एकदाही ते आधी झालेलं नव्हतं. आठवल्यासारखं वाटणं आणि आठवणं या दोन गोष्टी मेंदूत वेगवेगळ्या असू शकतात. पेनफिल्ड यांना फिट येत असती तर त्यांनी टेपरेकॉर्डरची उपमा जरा जपून वापरली असती, असं मला उगाच वाटतं.

स्मृती खरी कुठे अडकलेली असते हे कळलं ते वीज लावून नाही, कापून. 1953 मध्ये हार्टफर्डला विल्यम स्कोव्हिल यांनी हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या फिट थांबवण्यासाठी दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढून टाकला. फिट कमी झाल्या, आणि नवीन आठवण तयार होणंच थांबलं. पेनफिल्ड यांच्या संस्थेतल्या ब्रेंडा मिल्नर त्याला तपासायला वर्षानुवर्षं जात राहिल्या. प्रत्येक भेटीत त्या त्याच्यासाठी नव्या असायच्या. तो 2008 मध्ये गेला.

नेमक्या त्याच वर्षी टोरांटोहून एक विलक्षण बातमी आली. आंद्रेस लोझानो यांच्या चमूने एका अतिलठ्ठ माणसाची भूक आवरण्यासाठी मेंदूत खोलवर, हायपोथॅलॅमसमध्ये, इलेक्ट्रोड बसवले होते. वीज सुरू करताच त्याला अचानक तीसेक वर्षांपूर्वीची एक बाग दिसली, मित्र, त्या वेळची मैत्रीण. वीज वाढवली की चित्र जास्त स्पष्ट. नंतर त्याची स्मरणाच्या काही चाचण्यांतली कामगिरीही सुधारली. साहजिकच अल्झायमरवर प्रयोग सुरू झाले. 42 रुग्णांची मोठी चाचणी झाली आणि एकंदरीत म्हणावा असा फरक दिसला नाही. 65 च्या वरच्यांना थोडा फायदा झाला असावा, तर त्याखालच्यांची तब्येत उलट जास्त घसरल्याची शंका आली.

दरम्यान अपस्माराच्या वॉर्डात वेगळंच चाललं होतं. औषधांनी फिट थांबत नसतील तर काही रुग्णांच्या मेंदूत आठवडाभर किंवा जास्त दिवस इलेक्ट्रोड ठेवून फिटची वाट बघतात. पलंगावर पडून राहायचं, डोक्यातून वायरी निघालेल्या, करायला काही नाही. संशोधक येऊन विचारतात, एक खेळ खेळाल का? 2012 मध्ये लॉस एंजेलिसला इत्झाक फ्रीड आणि नंथिया सुथाना यांनी अशा मोजक्या रुग्णांना कॉम्प्युटरवर टॅक्सी चालवायला लावली. प्रवासी घ्यायचे, दुकानापाशी सोडायचे. शिकताना एंटोरायनल कॉर्टेक्सला, म्हणजे हिप्पोकॅम्पसच्या दारातल्या भागाला, वीज मिळाली असेल तर पुढे ते दुकान लवकर सापडायचं. जगभर मथळे झळकले. 2016 मध्ये जोशुआ जेकब्स आणि सहकाऱ्यांनी 49 रुग्णांवर करून पाहिलं, तर त्या भागाला आणि हिप्पोकॅम्पसला वीज दिल्यावर स्मरण बिघडलं. त्याचे मथळे मला फारसे सापडले नाहीत.

असं उलटसुलट का होतं, याचं एक उत्तर मायकेल कहाना यांच्या फिलाडेल्फियातल्या गटाने दिलं. पैसे अमेरिकी लष्कराचे होते, कारण इराक-अफगाणिस्तानातून डोक्याला मार लागलेले सैनिक परत येत होते. त्यांचं म्हणणं असं: मेंदू कधी शिकायच्या तयारीत असतो, कधी नसतो. तयारीत असताना वीज दिली तर चाललेलं काम मोडतं, नसताना दिली तर धक्का लागून गाडी सुरू होते. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरला आधी त्या-त्या रुग्णाच्या मेंदूतल्या लहरी वाचायला शिकवलं, आणि 'आता हा शब्द निसटणार' असं दिसलं तरच वीज सोडली. 25 रुग्ण, बारा-बारा शब्दांच्या याद्या. 2018 मध्ये छापलेला निकाल: आठवण्याची शक्यता सुमारे 15 टक्क्यांनी वाढली. बारा शब्दांतले चार आठवणाऱ्याला पाचवाही दर वेळी आठवेल, एवढीसुद्धा ती वाढ नाही. कवटीला भोकं पाडून.

कवटी न उघडताही प्रयत्न चालू आहेत. 2022 मध्ये बॉस्टनच्या रॉबर्ट राइनहार्ट यांच्या गटाने 65 ते 88 वयाच्या लोकांना टोपीतून रोज वीस मिनिटं, चार दिवस सौम्य वीज दिली. शब्दांच्या याद्या त्यांना जास्त लक्षात राहिल्या आणि परिणाम महिनाभर टिकला. मावसभावाला मी हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे चमकले. मग मी त्याला दुसरंही सांगितलं. नऊ व्होल्टची बॅटरी आणि ओले स्पंज घेऊन घरी असले उद्योग करणारे इतके वाढले, की 2016 मध्ये मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून त्यांना सावध केलं. एक क्षमता वाढताना दुसरी घटू शकते, माणसागणिक परिणाम बदलतो. "आणि तुला फिट आली तर चप्पल मी हुंगवणार," असंही म्हणाले. तो हसला. अभ्यासिकेतला एक मुलगा तसला पट्टा ऑनलाइन मागवतोय, हे त्याने नंतर सांगितलं.

या वर्षी माझं तिसरं औषधही फिट थांबवू शकलं नाही. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विचार करा म्हटलं. माझ्या फिट डाव्या टेम्पोरल लोबमधून येतात. तो भाग काढला तर फिट थांबण्याची शक्यता चांगली आहे, आणि शब्द आठवण्याची ताकद कमी होण्याची शक्यताही आहे. मी लिहून पोट भरते. त्याआधी स्मरणाची चाचणी झाली. एका शांत खोलीत एका बाईंनी पंधरा साधे मराठी शब्द संथपणे वाचले, मी परत सांगितले. पुन्हा वाचले, पुन्हा सांगितले. मग चित्रं, कोडी, अर्ध्या तासाने अचानक, "मघाचे शब्द सांगा."

मला नऊ आठवले. दहावा जिभेवर होता. तेवढ्यात करपलेल्या दुधाचा वास आला, आणि त्या बाईंच्या टेबलावरची ती कात्री, तो निळा पेला, हे सगळं मी आधी पाहिलंय असं वाटलं. मी त्यांना सांगितलं, त्यांनी घड्याळात पाहून कागदावर वेळ लिहिली. दहा सेकंदांत सगळं निवळलं. दहावा शब्द मात्र गेला तो गेलाच. पंधरापैकी नऊ, असं माझ्या फाइलमध्ये लिहिलंय. शस्त्रक्रियेची तारीख मी अजून घेतलेली नाही.